डाग पाडण्याची नोकरी

कुठल्या पात्राचं पुढे काय होणार हे मास्तरांना आधीच कळायचं, आणि तेही कथेची एक ओळ न वाचता. टीव्ही स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून कपडेपटाची खोली होती, मास्तर तिथले शिंपी. नवी मालिका सुरू झाली की तिथे यादी यायची : कोणाचे किती जोड शिवायचे. दोन जोड असले तर माणूस शेवटपर्यंत सुखरूप. तीन म्हणजे मध्ये कुठेतरी जखमी होणार. आणि सात आले की समजायचं, गेला. एक स्वच्छ, एक मळलेला, एक फाटलेला, एक जळका, एक रक्ताचा, एक पाण्यात पडण्यासाठी आणि एक असाच हाताशी, कारण अलीकडच्या दिग्दर्शकांचं एका मरणावर समाधान होत नसे.

घरी बायको वाटच बघत असायची. मास्तर चपला काढतात न काढतात तोच विचारायची, "मग? या वेळी कोण?" मास्तर तोंडाने काही न सांगता बोटं दाखवायचे. सात बोटं वर झाली की ती हळहळायची. "तो उंच, नीट बोलणारा ना? मला वाटलंच होतं. एवढं नीट बोलल्यावर कसा टिकणार?"

मास्तर या स्टुडिओत आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्याआधी ते शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होते, आणि स्टुडिओला गणवेशच हवे होते, आकाशातल्या जहाजावरच्या माणसांचे. अंतराळातल्या गोष्टींची ती इथली पहिली मालिका. तिला रीतसर नाव होतं, पण स्टुडिओत सगळे तिला 'पहिलं यान' म्हणायचे, कारण पुढे दुसरं झालं, तिसरं झालं आणि मोजायची सोय हवी होती.

पहिल्या यानाचे दिग्दर्शक स्वतःच्या शर्टाची बटणं नेहमी एक घर चुकवून लावायचे. पण कपड्यांच्या बाबतीत त्यांचं सगळं ठरलेलं होतं. कोट आकाशी, कॉलर उभी, शिवण दिसता कामा नये, आणि खिसे नकोत.

मास्तरांनी भीत भीत विचारलं, की साहेब, माणसाने रुमाल कुठे ठेवायचा?

दिग्दर्शक म्हणाले, "मास्तर, ही दोनशे वर्षांनंतरची माणसं आहेत. त्यांना लपवायला काही नाही आणि जपून ठेवायलाही काही नाही. जे आहे ते सगळ्यांचं आहे. मग खिसा कशाला?"

मास्तरांना वाटलं, गृहस्थ जरा सरकलेले दिसतात. पण त्यांनी बिनखिशाचे अठरा गणवेश बेतले. कापड एकाच ठाणातलं होतं आणि त्या गिरणीने तो रंग पुन्हा कधी काढला नाही. झालं असं, की नटांना हातांचं काय करावं ते कळेना. कप्तानाचं काम करणारे गृहस्थ रंगभूमीवरून आले होते आणि आयुष्यभर विजारीच्या खिशात हात घालून उभे राहिले होते. तिसऱ्या दिवशी ते कपडेपटात आले आणि हळूच म्हणाले, की मास्तर, आतून एक तरी खिसा द्या, मी कोणाला सांगणार नाही. मास्तरांनी दिला नाही. मग बिचारे हात पाठीमागे बांधून उभे राहायला लागले. वर्षभरात बघावं तर शाळेतली पोरं गुरुजींसमोर तशीच उभी! आपण खिसा नाकारला म्हणून पोरांची उभं राहायची ढब बदलली, ही गोष्ट मास्तरांनी पुढे कितीतरी वर्षं ओळखीपाळखीच्यांना सांगितली. त्या गृहस्थांचं खरं नाव लोक विसरले. ते जन्माचे कप्तान झाले.

पहिल्या यानाची गोष्ट साधी असायची. दर आठवड्याला कुठल्यातरी ग्रहावर एक भयंकर प्राणी निघायचा, आणि अर्ध्या तासात कळायचं की तो मुळात घाबरलेला आहे, त्याचं पिल्लू हरवलं आहे. कप्तान त्याच्याशी बोलायचे. सगळे मिळून पिल्लू शोधायचे. जहाजावर बंदूक एकच होती, लाकडाची, आणि मालिका संपली तरी तिच्यावर एक ओरखडा आला नव्हता. मास्तरांचं मुख्य काम म्हणजे इस्त्री. दोन दृश्यांच्या मध्ये ते इस्त्री घेऊन धावायचे, कारण उद्याचा माणूस चुरगळलेला चालणार नाही अशी ताकीद होती.

बारा वर्षांनी दुसरं यान आलं, तेव्हा यादीत पहिल्यांदा तीन जोड दिसले. कापड करडं. कंबरेला पट्टा, पट्ट्याला अडकवायला हत्यार आणि खिसेच खिसे, मांडीवरसुद्धा. आता प्राण्याशी बोलायला कोणाला वेळ नव्हता. शत्रू ठरलेला होता, तो दर आठवड्याला तोच असायचा आणि त्याचं काही हरवलेलं नसायचं. तिसऱ्या यानात तर शत्रू जहाजावरच होता. कोण कोणाला दगा देणार हेच बघायचं. दिवे इतके मंद, की मास्तरांच्या बायकोने दोनदा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "आजी, टीव्ही ठणठणीत आहे. मालिकाच तशी आहे."

इस्त्री कोपऱ्यात गेली. तिच्या जागी टाचा घासायची वजरी, तारेचा ब्रश, पॉलिशपेपर, चहाचं पाणी, राख आणि पातळ केलेला तपकिरी रंग आला. नवा कपडा शिवायचा आणि मग तो वीस वर्षं वापरल्यासारखा करायचा. बायको म्हणायची, "मी इथे जन्मभर डाग काढतेय आणि तुम्हाला तिकडे डाग पाडायचा पगार मिळतो. माझंच नशीब उलटं."

मास्तर हसायचे. पण एक गोष्ट त्यांनी तिलाही कधी सांगितली नव्हती. त्यांना हे काम मनापासून आवडायचं. सरळ टीप मारणं कोणालाही शिकवता येतं. कपडा कुठे झिजेल हे मात्र माणूस ओळखल्याशिवाय कळत नाही. डावखुऱ्याची डावी बाही आधी विटते. काळजी करणारा माणूस बसल्या बसल्या गुडघ्यावर तळवे घासतो, तिथे कापड चकाकतं. मास्तर पात्राबद्दल चार प्रश्न विचारायचे आणि त्याचं अख्खं आयुष्य कापडावर उतरवायचे. दुसऱ्या स्टुडिओतली माणसं बघायला यायची. मालिका मात्र ते बघत नसत. शेवटी कोणी जगतच नाही तर बसायचं कशाला, असं म्हणून लवकर झोपायचे.

निवृत्तीनंतरही स्टुडिओ त्यांना कामापुरतं बोलवत होता. चौसष्टाव्या वर्षी असंच बोलावणं आलं. पहिल्या यानाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याच जहाजाची गोष्ट नव्याने करायची होती. वेशभूषेच्या बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या, कामात हुशार आणि बोलायला गोड. त्यांनी पहिलं दृश्य समजावून सांगितलं : अंधारात भरकटलेलं जुनं जहाज सापडतं, आत सगळे मेलेले, आणि खुर्चीत कप्तानाचा सांगाडा, अंगावर तोच आकाशी कोट, कुजलेला.

मास्तर म्हणाले, "पण बाई, ती माणसं तर सगळ्या भांडणांतून वाट काढायची. मेली कशाने?"

"आपापसांत मारामारी करून." बाई जरा ओशाळल्या. "मास्तर, मीही लहानपणी ते बघूनच मोठी झालेय हो. पण आता स्वच्छ कपड्यांतल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. लोकांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय."

अठरा गणवेशांपैकी एकच उरला होता, कप्तानांचा. मास्तरांनी तो पातळ मलमलीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून कपडेपटाच्या लोखंडी कपाटात ठेवला होता. त्याला हात लावायचा प्रश्न नव्हता. नक्कल शिवायची, ती कुजवायची, असं ठरलं.

त्याच आठवड्यात कप्तानांचा फोन आला. वर्षातून एकदोनदा यायचाच. पहिल्या यानानंतर त्यांना धड काम मिळालं नव्हतं. जिथे जातील तिथे लोकांना कप्तान दिसायचे, म्हणून कोणी त्यांना सासरा, वकील किंवा चोर करत नसे. पण चाळीस वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. जुन्या प्रेक्षकांनी एक मेळावा ठेवला होता आणि त्यांना चार शब्द बोलायला बोलावलं होतं. त्या एका संध्याकाळपुरता कोट मिळेल का? तो अंगात असला की बोलायला सुचतं, असं ते संकोचून म्हणाले. आता बारीक झालोय, बसेल बहुतेक.

"मिळेल का काय विचारता?" मास्तर म्हणाले. "तुमचाच आहे तो. मी स्वतः इस्त्री करून आणून देतो."

चित्रीकरण मेळाव्याच्या तीन आठवडे आधी होतं.

मास्तरांनी नक्कल शिवली. रंग जुळवायला पाच वेळा कापड रंगवून घेतलं. मग ती घासली, विटवली, राखेत मळली. बाई खूश झाल्या. पण कॅमेऱ्यासमोर सांगाड्याला घालून बघितली तेव्हा पडद्यावर ती नाटकातल्या भिकाऱ्याच्या कपड्यासारखी दिसली. नवं कापड वेगळं, त्याचा धागा वेगळा. तो म्हातारा होत नव्हता, नुसता आजारी दिसत होता. बाई म्हणाल्या, चालेल मास्तर, दिवे आणखी कमी करू, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हे 'कोणाच्या लक्षातही येणार नाही' मास्तरांना झोंबलं. चाळीस वर्षांत त्यांचं काम लपवायला कोणी दिवे कमी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आले आणि त्यांनी कपाट उघडलं. खरा कोट फक्त शेजारी ठेवून बघायचा होता, फरक कुठे पडतो एवढंच. कोट नकलेशेजारी ठेवला आणि त्यांना दिसलं, की हा आपला आपण किती सुंदर विटला आहे. पाठीवर, जिथे कप्तान हात बांधायचे, तिथे दोन फिकट ठसे होते. असे ठसे वजरीने चाळीस वर्षं घासले तरी येणार नाहीत. त्यांनी मनाशी म्हटलं, हा असाच वापरू, एका दृश्यापुरता, काही न करता, आणि परत ठेवू. सांगाड्यावर चढवला. फारच स्वच्छ वाटला. मग फक्त बाहीच्या कडेला थोडं चहाचं पाणी, ते धुतलं की जातं. बाही मळल्यावर कॉलर उठून दिसायला लागली. कॉलरला हलका ब्रश मारला. अस्तर बाहेर यायला हवं होतं म्हणून एकच टाका उसवला. अकरा वाजता ते गुणगुणत होते. बारा वाजता कोट पूर्ण कुजला होता आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांच्यासमोर खुर्चीत बसलं होतं.

चित्रीकरणाला सगळे खुर्चीभोवती जमले. दिवे वाढवले, कमी केले नाहीत. बाईंनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. मग दिग्दर्शकाला वाटलं की छातीत सुरी खुपसलेली हवी. कोणीतरी विचारलं, की दुसरा जोड आहे का? मास्तर नाही म्हणाले. पण तोपर्यंत सुरी गेली होती.

त्या संध्याकाळी बायकोने किती जोड म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी एक बोट वर केलं आणि ते हात धुवायला गेले. बराच वेळ धूत बसले. ती मोरीच्या दारात येऊन उभी राहिली आणि त्यांनी सगळं सांगितलं. आधी त्यांनी स्वतःची बाजू मांडली : धुऊन बघतो, रफू करतो, आणि नाहीच जमलं तर एक स्वच्छ नक्कल शिवून देतो. कप्तानांची नजर आता कमी झाली आहे, त्यांना कळणार नाही.

"नजर कमी झाली असेल," ती म्हणाली, "हात कुठे गेलेत त्यांचे?"

चार दिवस मास्तरांनी धुऊन बघितलं. डाग पाडायच्या विद्येत ते इतके तरबेज झाले होते, की आता त्यांचे डाग त्यांनाही जुमानत नव्हते. पाठीवरचे दोन फिकट ठसे तपकिरी रंगाखाली गेले होते, ते वर आले नाहीत.

पाचव्या दिवशी ते कप्तानांकडे गेले. सुनेने दार उघडलं. कप्तान खिडकीशी खुर्चीत बसून भाषणाचा कागद वाचत होते. मास्तरांच्या हातात पिशवी नाही हे त्यांनी आधी बघितलं. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगितलं. काही लपवलं नाही. ते गुणगुणत होते, हेसुद्धा सांगितलं.

कप्तानांनी चष्मा काढून पुसला. "दिसला कसा?" त्यांनी विचारलं.

"खरा दिसला."

"सांगाडा कशाचा होता?"

"प्लॅस्टिकचा."

"मला बोलावायचं. मीच बसलो असतो. आता फारसा रंगही लावावा लागला नसता." सून आतून हसली, मास्तरांनाही हसू फुटलं. पण कप्तान हसत नव्हते. "मास्तर, एकदा विचारायचं होतंत. विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. कामासाठी हवा होता, घ्या, म्हटलं असतं. तेवढं मला म्हणू द्यायचं होतंत."

नवा शिवून देतो, असं मास्तर म्हणाले. कप्तानांनी मान हलवली. नव्या कोटात मी नुसता कोट घातलेला म्हातारा दिसेन, म्हणाले. मेळाव्याला ते साध्या शर्टात जाणार होते. एकच अट होती : मास्तरांनी बरोबर यायचं. लोक कोट कुठे म्हणून विचारणारच. ते उत्तर मी देणार नाही, तुम्ही द्यायचं.

मेळावा संध्याकाळी चारला, एका शाळेच्या सभागृहात होता. शंभरेक माणसं होती. निम्मी पन्नाशीपुढची, आकाशी रंगाचे घरी शिवलेले कोट घातलेली. मास्तरांची नजर सवयीने कॉलरींवरून फिरली, आणि एकाच्याही कोटाला खिसा नाही हे बघून त्यांनी मान खाली घातली. तरुण मंडळी मागे होती. त्यांनी आदल्याच आठवड्यात नव्या मालिकेचा पहिला भाग बघितला होता.

कप्तान बोलले. कागद होता तरी मध्येच अडखळले, एकदा हात कुठे ठेवावेत ते न कळून टेबलाची कड धरली. लोकांनी प्रेमाने ऐकलं. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, की तुमचा तो कोट कुठे असतो? आम्हाला वाटलं होतं, आज बघायला मिळेल.

कप्तानांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उठले. चाळीस वर्षं ते पडद्यामागे होते, माइक कसा धरायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "तो एकच उरला होता. मी जपून ठेवला होता. नव्या मालिकेत सांगाड्याच्या अंगावर जो कोट आहे तो तोच. मी मळवला, मी फाडला. कप्तानांना न विचारता. माझं चुकलं."

मास्तर बोलणी खायला तयार होते. खरं तर त्यासाठीच आले होते.

मागून एक तरुण म्हणाला, "म्हणजे तो खरा होता?"

"खरा."

"तरीच! तरीच अंगावर काटा आला." तो टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या शेजारच्यांनी वाजवल्या. मग पुढच्या आकाशी कोटांनीही वाजवल्या, आधी थोड्या बिचकत, नंतर मोकळेपणाने. कोणीतरी म्हणालं, की कोटाला याहून मोठा मान काय मिळणार! सगळं सभागृह मास्तरांकडे बघून टाळ्या वाजवत होतं. मास्तर नको नको म्हणत हात हलवत होते, ते लोकांना विनयासारखं वाटलं आणि टाळ्या वाढल्या. त्यांनी वळून बघितलं. कप्तानही वाजवत होते. दुसऱ्या नटाचं काम चांगलं झालं की जुने नट वाजवतात तशा, अंतर ठेवून, नेमक्या.

परतताना टॅक्सीत दोघं मागच्या सीटवर दोन कडांना बसले. मास्तरांनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. कप्तानांनी घराच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच गाडी थांबवायला सांगितली. मास्तर दार उघडायला उतरायला लागले, तर त्यांनी हातानेच बसा म्हणून खुणावलं.

खाली वाकून ते खिडकीतून म्हणाले, "फोन करत जा, मास्तर. पण लगेच नको."

आणि शर्टाच्या बाह्या नीट करत सावकाश निघून गेले.

मास्तरांनी त्यानंतर डाग पाडायचं काम सोडलं. बाईंना सांगितलं, की इस्त्रीचं काही असेल तर बोलवा. बाई खूप हळहळल्या आणि म्हणाल्या, मास्तर, आपल्याकडे इस्त्रीचं काम आता उरलंय कुठे?

त्याला आता दोन महिने झाले. दर रविवारी सकाळी मास्तर फोनजवळच्या स्टुलावर बसतात. नंबर पाठ आहे. पाच आकडे फिरवतात आणि थांबतात. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "काय हो, अजून लगेचच आहे का?"

"अजून थोडं," मास्तर म्हणतात आणि फोन खाली ठेवतात.